तीन महिन्यांआत बोलू नये

बनुबाईची जीभ म्हणजे गावची दवंडी. कर्जतकडच्या त्या वस्तीवर कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते आधी हिला कळायचं, मग साऱ्या गावाला. लेक पुष्पावतीला दिवस गेले, तर दुसऱ्याच महिन्यात हिनं विहिरीवर सांगून टाकलं. तीन महिन्यांआत बोलू नये, दृष्ट लागते, एवढं कळू नये बाईला? पुष्पावती बाळंतपणात गेली, मागं तान्ही नात राहिली. आपल्याच जिभेनं लेक खाल्ली, हे बनुबाईच्या मनात पक्कं बसलं.

बहात्तरचा दुष्काळ. चंद्री शेळी आटलेली. शेजारची छबूबाई वाटीभर दूध द्यायची, पण तिचीही शेळी आटत चाललेली. जावई कानिफनाथ म्हणाला, "मामी, माझी बहीण बाळंत झालीय, ती पाजंल. पोरीला नेतो."

"दिवाळीपातूर थांबा," एवढंच बनुबाई म्हणाली. गावातल्या सहादेवच्या बोकडाकडून चंद्री फळली होती, दिवाळीला व्याली असती. पण चंद्रीला दुसराच महिना! बाईनं जीभ दाताखाली धरली.

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. आधी इंजेक्शन देऊन साऱ्या शेळ्या एकदम माजावर आणायच्या, मग तीन दिवसांनी थर्मासमधून आणलेलं परदेशी बोकडाचं बी भरायचं, अशी नवी तऱ्हा. चावडीपुढं शेळ्यांची रांग लागली, अख्खं गाव गोळा.

"गाभण नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

बनुबाईनं भोवतालच्या बायांकडं पाहिलं. "न्हाई जी."

सुईनं अंगात ताकद येते, एवढंच तिला ठाऊक. पोटातल्यांनाही येईल, असं वाटून ती उलट खूशच झाली.

चौथ्या दिवशी सकाळी चंद्री गाभडली. गोठ्यात दोन जीव पडले होते, बोटाएवढे, बिनकेसांचे. बनुबाईनं ते पदरात घेतले आणि मोठ्यानं रडली.

डॉक्टर थर्मास घेऊन आले ते कपाळाला हात लावून बसले. "अहो, या सुईनं गाभण शेळी गाभडते, म्हणून तर मी विचारलं होतं ना! का नाही सांगितलंत?"

"तीन म्हयनं झालं नव्हतं, डाक्टर."

त्यांना काही उमगलं नाही. पुन्हा फळवली तरी पाच महिने लागणार होते, आणि छबूबाईची शेळी त्याच आठवड्यात आटली.

कानिफनाथ आला. बनुबाईनं नातीच्या गालाला तीट लावली, तिला दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

"मामी, काय बोलायचं आसंल तर बोला," तो उंबऱ्यावर थांबला.

बनुबाईनं तोंड उघडलं. बोलली तेव्हा लेक गेली होती, बोलली नाही तेव्हा चंद्रीची पिल्लं गेली. आता काय करावं, ते तिला कळेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कानिफनाथ पोरीला घेऊन निघाला.