बोरनहाणाच्या दिवशी

नातीचं बोरनहाण माझ्याकडे, वारज्यात करायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी हडपसरहून लेकीचा फोन आला. "आई, उद्या तिला कुणी ओढून मांडीवर घ्यायचं नाही. पापे घ्यायचे नाहीत. आधी तिला विचारायचं."

माझं डोकंच फिरलं. साडेतीन वर्षांच्या पोरीची परवानगी! "मग दारावर तशी पाटीच लावते," मी म्हणाले.

ती हसली नाही. "सदाशिव पेठेत असताना मी कपाटामागे का लपायचे, आठवतंय तुला?"

आठवत होतं. यांचे एक लांबचे चुलतभाऊ दर रविवारी चहाला यायचे आणि आल्या आल्या तिच्याकडे पापी मागायचे. ती कपाटामागे जाऊन बसायची. मी दंडाला धरून बाहेर काढायचे. "शहाणी ना तू? काकांना काय वाटेल?" नंतर ती फ्रॉकने गाल पुसायची, त्यावरूनही माझी बोलणी खायची.

"त्यांनी तुला काही..." मला पुढे विचारवेना.

"नाही गं, तसं काही नाही. मला नको असायचं, एवढंच. आणि ते तुला दिसत होतं."

चार लोकांत बरं दिसावं म्हणून मी माझीच पोर पुढे ढकलत आले होते. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून नात पाटावर बसली. डोक्यावरून बोरं, कुरमुरे, गोळ्या ओतल्या तशी सोसायटीतली पोरं वेचायला तुटून पडली. ती खदखदून हसत होती. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या आजी पुढे आल्या. "आता आम्हाला एक गोड पापी!" म्हणत त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचं हसू गेलं. मान सोडवत तिने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, सोडा तिला. तिला नकोय." माझा आवाज जरा चढलाच.

"मी काय परकी आहे का?"

"नाही. पण तिला नकोय."

त्या तिळगूळ न घेताच गेल्या. वीस वर्षांचा शेजार आमचा. वाईट वाटलं, पण हाक मारून मी त्यांना परत बोलावलं नाही.

सगळे गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. तिचे डोळे भरले होते. तिच्या पाठीवरून फिरवायला मी हात उचलला आणि थांबले. तिला मी असं कधीच विचारलं नव्हतं.

"घेऊ का गं जवळ?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आत्ता नको, आई."

मी हात मागे घेतला आणि सांडलेले कुरमुरे गोळा करू लागले. ती उठून गेली नाही. तिथेच बसून तीही कुरमुरे वेचू लागली.