तीन भाषांतलं चक्रीवादळ

बेटावरच्या लालमती गावातल्या कुंतीची मुलींच्या कॉलेजातली नोकरी १९८४ साली अजून कच्चीच होती. शुक्रवारी तपासनीस तिचा भूगोलाचा तास बघणार आणि मगच तिला पक्की करायचं की नाही, ते ठरवणार. तिने चक्रीवादळावर तीस स्लाइड तयार केल्या. प्रत्येक पारदर्शक कागदावर मधोमध चित्र, भोवती माहिती इंग्रजीत, तीच फ्रेंचमध्ये आणि वर्गातल्या मराठी मुली खट्टू व्हायला नकोत म्हणून मराठीतही.

गुरुवारी दुपारी खिडक्या लावून तिने कॉलेजातून आणलेल्या प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवर पाडला. बघायला सासूबाई, कुसुमावती.

"ह्यात वादळ खंय हाय गो?"

"हे काय, आई, मधे."

"मला तर मुंग्याच दिसतात! आणि तू भिंतीशी बोलतेस की पोरींशी?"

कुंती चिडली. "मग तुम्हीच सांगा, वादळ कसं असतं!"

"वारा पडतो, तेव्हा सगळे बाहेर येतात आणि तिथंच फसतात," सासूबाई म्हणाल्या. "मग तो उलट्या अंगाने येतो."

ओल्या फडक्याने कुंतीने सगळी अक्षरं पुसली आणि सहाच चित्रं ठेवली.

शुक्रवारी वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, नेमका बेटावर आलेलं चित्र लावून ती मुलींकडे वळली. "वारा थांबलाय. बाहेर जाल?"

"वी, मिस! जाणार!" निम्म्या मुली ओरडल्या.

"नों! परत येतो तो!" बाकीच्या त्यांच्यावर तुटून पडल्या. बेटावरच्या क्रेओल बोलीत असं भांडण जुंपलं, की तपासनीस लिहायचं विसरून हसत ऐकत राहिले.

तास संपल्यावर त्यांनी अहवालात एकच ओळ लिहिली : पक्की करावी.