आत्याचा हाफ क्लच

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तीन गावांत आज चाळिशीच्या पुढची जी बाई चढावर गाडी इंचभरही मागे न घरंगळू देता उभी करते, ती माझ्या आत्याची विद्यार्थिनी असते; आणि जिची गाडी घरंगळते, ती आत्याचा क्लास अर्धवट सोडून गेलेली असते. याला अपवाद मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तरी आत्या तो मान्य करणार नाही. "नीट विचार तिला, शेवटचे चार दिवस आली नसेल ती," एवढं बोलून ती विषय संपवेल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कुळगावातल्या आमच्या घरात सायकलवरसुद्धा फक्त पुरुषांचा हक्क होता, त्या काळात ही मुलगी एका कंपनीच्या टेम्पोवर गाडी चालवायला शिकली. कोणी शिकवलं, ते तिने कधीच सांगितलं नाही. टेम्पोचा ड्रायव्हर शपथेवर सांगायचा की मी नाही, आणि आजोबा म्हणायचे की असं काही घडलेलंच नाही. पुढे लग्न होऊन ती अंबरनाथ पूर्वेला गेली आणि तिथे तिने बायकांसाठी मोटार शिकवण्याचा क्लास काढला. पाटीवर दोनच वाक्यं होती: 'महिलांना मोटार शिकवली जाईल. रडायचं नाही.' दुसरं वाक्य रंगाऱ्याने चूक समजून गाळलं होतं. ते आत्याने स्वतः ब्रश हातात घेऊन लिहिलं, त्यामुळे ते पहिल्यापेक्षा बरंच मोठं झालं.

गाडी एकच, पांढरी, डबल कंट्रोलची. म्हणजे शिकणारीच्या पायाशी असतो तसाच एक क्लच आणि एक ब्रेक शेजारी बसलेल्या आत्याच्या पायाशीही असायचा. या गाडीत बसण्याचे कायदे आत्याने केले होते आणि त्यांत दुरुस्तीची सोय नव्हती. डाव्या पायात चप्पल चालायची नाही. "उजव्यात बूट घाला, पैंजण घाला, काय वाट्टेल ते घाला. डावा पाय उघडा पाहिजे, त्याला सगळं कळायला पाहिजे." गियरच्या दांड्याच्या डोक्यावर जो आकड्यांचा नकाशा असतो, तो तिने औषधाची चिकटपट्टी लावून झाकून टाकला होता. एखादीने खाली बघितलंच तर ती विचारायची, "मिठाची बरणी बघून उचलतेस का घरी?" रेडिओ बंद, एसी बंद, मे महिन्यातसुद्धा काचा खाली, कारण इंजिन ऐकू आलं पाहिजे. दुसरा गियर कधी टाकायचा, असं विचारलं की "गाडी सांगेल" हे उत्तर ठरलेलं. आणि नाही सांगितलं तर? "मग मी सांगेन. पण मी ओरडून सांगते."

पण या सगळ्याच्या वर होता हाफ क्लच. क्लच पूर्ण दाबलेला नाही आणि पूर्ण सोडलेलाही नाही, अशी मधली एक चिमूटभर जागा असते. तिथे इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं, आणि चढावरची गाडी ब्रेकवरचा पाय काढला तरी जागच्या जागी उभी राहते. ती जागा ज्याच्या त्याच्या पायाने शोधायची असते, दुसऱ्याला दाखवून देता येत नाही, आणि आत्याचं सगळं आयुष्य ती दाखवून देण्यात गेलं. हळूहळू तो शब्द गाडीतून घरात शिरला. भाजीवाल्याशी भाव करताना ती माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणायची, "हाफ क्लचवर धर त्याला." माझ्या चुलतबहिणीला एक स्थळ आलं, तेव्हा घरातल्या मोठ्यांसमोर हिचा सल्ला असा, "होही म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. मुलगा किती मागे सरकतो ते बघ." मुलगा सरकला नाही, आणि लग्न झालं. मी एकदा साहेबांवर चिडून राजीनामा लिहून तिला दाखवायला नेला. तिने तो वाचलाही नाही. म्हणाली, "एकदम पाय काढू नकोस रे, गचका बसेल." मी अजून त्याच नोकरीत आहे.

तिने शिकवलेला एकमेव पुरुष म्हणजे मी. पहिल्या दिवशी मी गाडी अकरा वेळा बंद पाडली. अकराव्या वेळी आत्या खाली उतरली, समोरच्या टपरीवर चहा प्यायली, परत आली आणि म्हणाली, "आता परत चालू कर. तू तिला घाबरवतोयस." पाचव्या की सहाव्या दिवशी कानसईच्या एका चढावर माझ्या डाव्या पायाला ती जागा सापडली. गाडी थरथरली आणि हवेत धरल्यासारखी थांबली. मी बावीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातून एखादी गोष्ट नीट होते आहे, असं मला तोवर फारसं वाटलेलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. आत्या समोर बघत होती. माझ्याकडे बघून हसली असती तर मी लगेच पाय सोडला असता, हे तिला ठाऊक होतं.

तिची शेवटची परीक्षा शहाडच्या पुलावर असायची. आरटीओची परीक्षा ती किरकोळ समजायची. संध्याकाळी पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने चढत असताना मागे न सरकता पलीकडे गेलात, तर पास. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या लाजवंती आंटी बावन्नाव्या वर्षी शिकायला आल्या. दुकानातल्या गल्ल्यावर बसून तीस वर्षं गिऱ्हाइकांना गप्प करणाऱ्या या बाईची पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली आणि बोबडीच वळली. मागे ट्रक, ट्रकच्या मागे रिक्षा, रिक्षांच्या मागे सारं कल्याण, आणि सगळ्यांचे हॉर्न. आत्या शांतपणे दार उघडून उतरली, मागे चालत गेली आणि ट्रकच्या ड्रायव्हरला हात जोडून म्हणाली, "भैया, दो मिनिट हॉर्न मत बजाओ. हमारा शिक्षण चालू है." त्याने काय समजून कोण जाणे, पण हॉर्न थांबवला, शिवाय खाली उतरून मागच्या रिक्षावाल्यांनाही दटावलं. लाजवंती आंटींनी पूल पार केला आणि पलीकडे गाडी थांबवून रडायला सुरुवात केली. पाटीवरचं दुसरं वाक्य फक्त त्या एका संध्याकाळी शिथिल करण्यात आलं. "रडू दे," आत्या म्हणाली, "हँडब्रेक लावलाय तिने."

मग क्लच नसलेल्या गाड्या आल्या. पहिल्यांदा कोणीतरी फोनवर विचारलं, "ऑटोमॅटिक शिकवता का?" तेव्हा आत्याला ती चेष्टाच वाटली. "त्यात शिकवायचं काय?" तिने खरोखर कुतूहलाने विचारलं, आणि फोन बंद झाला. तसे फोन वाढत गेले. तिचंही काही चुकत नव्हतं आणि विचारणाऱ्यांचंही. बदलापुरात कात्रपपासून स्टेशनपर्यंतच्या कोंडीत रोज दोनशे वेळा क्लच दाबून ज्याचा गुडघा सुजतो, त्याला हाफ क्लचची गोडी कोण सांगणार? मीही त्यातलाच. नवीन गाडी घेताना मी ऑटोमॅटिकच घेतली.

गाडी घरी आणली तेव्हा पहिली फेरी आत्याच्या हातून, असं मीच ठरवलं. हार घातला, नारळ फोडला, आत्या चालवायला बसली, मी शेजारी, मांडीवर पेढ्यांचा खोका. गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत छान गेली. तिथे आत्याचा डावा पाय चाळीस वर्षांच्या सवयीने क्लच दाबायला गेला, जोराने, मुळापर्यंत. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थिजली, आणि अर्धा किलो पेढे समोरच्या काचेवर जाऊन बसले. वॉचमन धावत आला. मी हसत सुटलो. आत्याही हसली, पण उतरल्यावर तिने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे रे. फक्त मला काही विचारत नाही." त्यानंतर ती माझ्या गाडीत पुन्हा कधी चालवायच्या सीटवर बसली नाही.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, आणि ते मला सांगायला आवडत नाही. सानिका पाच वर्षांची असल्यापासून आत्याला 'आजी' म्हणत तिच्या गाडीत मागे बसून फिरायची. "हिला मी शिकवणार हं," आत्या दर वेळी म्हणायची, आणि मी म्हणायचो, "तुझ्याशिवाय दुसरं कोण शिकवणार?" सानिका अठरा वर्षांची झाली, तेव्हा क्लासला जेमतेम दोन बायका उरल्या होत्या. तरी आत्याने सकाळी सात ते आठची वेळ तिच्या नावावर लावून ठेवली. मी सानिकाला एकदा, जेवताना, मोबाइल बघत बघत म्हटलं, "आजीकडे शिकणार का?" ती म्हणाली, "बाबा, आपली गाडी तर ऑटोमॅटिक आहे ना?" मी म्हटलं, "तेही खरंच." एवढंच. आजीने वेळ राखून ठेवली आहे, आजी वाट बघते आहे, यातलं मी काहीच बोललो नाही. आमच्या घराजवळच्या एका क्लासात ऑटोमॅटिक गाडी होती, तिथे ती वीस दिवसांत शिकली.

आत्याला मात्र मी सांगत राहिलो की परीक्षा आहे. मग प्रॅक्टिकल आहेत. मग सर्दी. आत्या म्हणायची, "होऊ दे, होऊ दे, घाई नाही." एकदाच म्हणाली, "मार्चपर्यंत गाडी आहे हं माझ्याकडे. मग तिची मुदत संपते, भंगारात द्यावी लागेल." मी म्हटलं, "मार्चच्या आत पाठवतो." त्या वेळी सानिकाच्या पर्समध्ये लायसन्स होतं. खरं बोलायला फार धैर्य लागलं असतं असंही नाही. ऐकून ती काही रागावली नसती. मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही, आणि ते मला कोणी शिकवलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

एप्रिलमध्ये आत्याचा डावा गुडघा पार गेला. कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. माझा हात दुखत होता म्हणून सानिका गाडी चालवायला बसली. हे आपण काय करतो आहोत, ते माझ्या लक्षात आलं तेव्हा आत्या पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. वालधुनीकडे रस्ता खोदलेला, म्हणून आम्ही शहाडच्या पुलावरून गेलो. पुलावर नेहमीची गर्दी. गाड्या थांबत होत्या, सरकत होत्या. सानिका नुसता ब्रेक सोडायची, गाडी अलगद पुढे जायची.

"छान चालवतेस गं," आत्या म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"आमच्या इथल्या क्लासमध्ये, आजी. जानेवारीतच लायसन्स आलं."

मी मागच्या सीटवर होतो. आत्याने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चांगलं शिकवलंय. आरशात बघतेस." चढाच्या मध्यावर गाडी थांबली, आणि मी बघितलं, आत्याचा तो दुखरा डावा पाय पुढे सरकला, रिकाम्या मॅटवर दाबला गेला आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर यायला लागला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. दुखत असणार. पुढची गाडी हलेपर्यंत तिने तो पाय तसाच अर्ध्यावर धरून ठेवला.

घरी आल्यावर मी सानिकाला सगळं सांगितलं. ती माझ्यावर कधी इतकी चिडलेली मला आठवत नाही. "मला सांगायचं ना बाबा, मी दोन्ही शिकले असते! मला काय माहीत, ती वाट बघतेय ते?" पुढच्या रविवारी तिनेच मला अंबरनाथला नेलं. पांढरी गाडी मार्चअखेरीला गेलेली होती, दारासमोर तेवढी जागा रिकामी होती. सानिका आत जाऊन म्हणाली, "आजी, मला क्लच शिकव."

"कशावर?" आत्याने विचारलं. मग थोडा वेळ विचार करून तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, सानिकाला तिच्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला लागली. अडुसष्ट वर्षांची बाई, गंभीर चेहऱ्याने, "घुर्रर्र". सानिकाने पाय उचलला. "फट्! बंद पडली. परत चालू कर." पुन्हा घुर्रर्र, पुन्हा फट्. मला हसू येत होतं. नवव्या की दहाव्या वेळी आत्याचा आवाज एकदम खाली उतरला, जड झाला आणि तिथेच थांबला. सानिकाने पाय अर्ध्यावर धरला. आत्याचा श्वास संपेपर्यंत ती गाडी त्या खोलीत उभी होती.

"कळलं?" आत्याने विचारलं.

"हो आजी. कळलं." सानिकाने तिचा हात धरला. आत्या केवढी खूश झाली! आम्हाला चहा झाल्याशिवाय तिने उठू दिलं नाही, आणि उठताना मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा लवकर शिकली बघ."

खाली गाडीत बसल्यावर मी सानिकाला विचारलं, "खरंच कळलं तुला?"

"नाही बाबा. खुर्चीवर कसं कळणार?" ती म्हणाली, आणि डावा पाय बाजूला ठेवून तिने गाडी सुरू केली.