चुटकीवर चालणारी खुर्ची

तिने मागे न बघता चुटकी वाजवली. खांद्यावरून हात वर, अंगठा आणि मधलं बोट. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. हे तिने मला सांगितलं नव्हतं. पण सुरक्षा तपासणीपासून गेटपर्यंत येता येता मी शिकले होते. माझं काम व्हीलचेअर ढकलायचं. पुण्याच्या विमानतळावर, ठेकेदाराने दिलेल्या निळ्या जॅकेटमध्ये.

डिसेंबर होता. दिल्लीला धुकं पडलेलं, त्यामुळे सकाळची विमानं इकडेच लटकली होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आयटीवाली पोरं खांबाच्या प्लगला लॅपटॉप जोडून फरशीवरच बसली होती. माझ्या व्हीलचेअरमधल्या बाईंच्या शेजारची एक खुर्ची रिकामी झाली. पहाटेपासून मी उभी होते. जरा टेकले.

"ती खुर्ची प्रवाशांसाठी असते," ती म्हणाली. "आपण प्रवासी आहात का?"

आपण म्हणाली. या शहरात अपमान करायचा असला की माणसं एकदम आदराने बोलायला लागतात. मी उठले. तिने मांडीवरची पर्स उचलली आणि त्या खुर्चीवर ठेवली.

पर्सचंही सांगते. आम्ही निघालो तेव्हा ती पर्स व्हीलचेअरच्या मुठीला, माझ्या हाताशी अडकवलेली होती. वाटेत तिने विचारलं, "कुठली गं तू?" म्हटलं, वाशीमकडची. "आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर चुटकी वाजली. मी थांबले. तिने पर्स काढून मांडीवर घेतली. पुन्हा दोन चुटक्या. मी निघाले.

असं पहिल्यांदा झालं नव्हतं. पण त्या दिवशी माझी जागा एका पर्सला मिळाली, आणि ते आतपर्यंत लागलं.

मला या कामातले चेहरे आठवत नाहीत. टाळू आठवतात. मेंदी लावलेला भांग, टक्कल, टोपीतून डोकावणारे चार केस. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, प्रवाशाच्या मागे राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दिवसभर माणसांच्या गर्दीत असायचे आणि संध्याकाळी वाघोलीच्या खोलीवर आल्यावर लक्षात यायचं की आज आपण कुणाशी बोललोच नाही. बी.कॉम. होऊन कंप्यूटरचा कोर्स करायला पुण्यात आले होते. कोर्स झाला, नोकरी मात्र ही लागली. गावाकडून आई फोनवर विचारायची, "बसली का वं इमानात?" मी हो म्हणायचे. खिडकीतून ढग कसे दिसतात तेसुद्धा सांगायचे. रोज विमानाच्या दारापर्यंत जायचे मी, सगळ्यांच्या आधी. दाराच्या आत कधी पाय ठेवला नाही.

तर ती बाई. पन्नाशीची, पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज. मुलाकडे अमेरिकेला निघालेली, दिल्लीहून पुढे. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, मला काय धाड भरली आहे? रोज टेकडी चढते मी. पण व्हीलचेअर लिहिली ना की रांगच नाही. सगळ्यात आधी आत. मुलानेच सांगितलं." मग उठली, तुरुतुरु चालत कॉफी घेऊन आली आणि परत खुर्चीत बसली. मी मागे उभी होते. माझ्यासमोर बोलायला तिला जराही संकोच वाटला नाही. भिंतीसमोर वाटतो का कुणाला?

तेव्हाच मला एक आजी दिसल्या. नऊवारी नेसलेल्या, खांबाला धरून उभ्या. पाय थरथरत होते. मी जवळ जाऊन विचारलं.

"गुडघं गेल्यात माझं," त्या म्हणाल्या. "पोरगं फौजेत हाय, दिल्लीला. त्यानं तिकीट धाडलं. पर खुर्चीच्या यादीत नाव न्हाई म्हनत्यात."

त्यांच्या मुलाला ही युक्ती माहीत नव्हती. मी सुपरवायझरकडे गेले. तो म्हणाला, "यादीत नाव नाही, खुर्ची नाही. आणि आज एकही शिल्लक नाही. तू तुझा पॅसेंजर बघ."

तासाभराने माइकवरून आवाज आला, ज्यांना मदतीची गरज आहे त्यांनी आधी यावं. सगळा हॉल एकदम उठला. धक्काबुक्की, बॅगा, आधी मी आधी मी. त्या लोंढ्यात आजींचा हात खांबावरून सुटला. त्या पडल्या नाहीत, एका बॅगेवर आदळल्या आणि कशाबशा सावरल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

आणि माझ्यासमोर दोन चुटक्या वाजल्या.

माझे हात मुठीवरून निघाले. मी चालत खुर्चीच्या पुढे आले आणि पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. साधा चेहरा होता. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंसारखा.

"मॅडम, तुम्हाला चालता येतं. त्या आजींना येत नाही. खुर्ची द्या त्यांना."

"तुझं काम ढकलायचं आहे," ती म्हणाली. "न्यायनिवाडा करायचा नाही." आणि चुटकी वाजवली. आता समोर, माझ्या तोंडापुढे.

मी खाली वाकले आणि ब्रेक लावला.

"उठा."

फरशीवरच्या एका पोराने कानातलं काढलं, आमच्याकडे पाहिलं, परत कानात घातलं. त्या गर्दीत एक माणूस माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलं होतं. कुणी बोललं नाही. एवढी एकटी मी वाघोलीच्या खोलीतही कधी नव्हते.

ती उठली. पर्स काखेत मारून तरातरा चालत रांगेच्या तोंडाशी गेली आणि सुपरवायझरला शोधू लागली. मी आजींना खुर्चीत बसवलं आणि ढकलत विमानाकडे नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू, बाय?"

हा प्रश्न मला कळतो. गावाकडे आडनाव असंच विचारतात. मी सांगितलं. लुगड्याचा पदर माझ्या हाताजवळ लोंबत होता, तो त्यांनी आवरून घेतला.

त्या क्षणी मला खुर्ची तिथेच सोडून द्यावीशी वाटली. सोडली नाही. त्यांचे गुडघे गेले होते हे खरं होतं, आणि मी खुर्ची त्यांच्या गोड बोलण्यासाठी दिली नव्हती. दारापाशी त्यांना उतरवलं. त्या आत गेल्या. मागे वळल्या नाहीत.

सुपरवायझरने कोरा कागद पुढे केला. "लिही, प्रवाशाशी उद्धट वागले, माफ करा. नाहीतर कार्ड ठेव आणि जा." मी लिहिलं. चुटक्या लिहिल्या, खुर्चीवरची पर्स लिहिली, टेकडी लिहिली. माफीचा शब्द लिहिला नाही. त्याने वाचलं आणि कागद फाडला. मी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

बाहेर येऊन आईला फोन केला. सांगितलं, मी विमानात कधी बसले नाही. लोकांना दारापर्यंत ढकलत नेत होते, आता तेही नाही. ती म्हणाली, "जेवली का?"

आता मी एका इस्पितळात व्हीलचेअर ढकलते. काम तेच. पण मी आधी पुढे येते, चेहरा पाहते, माझं नाव सांगते. आडनाव विचारलं तर तेही सांगते, मोठ्याने, आणि समोरचा चेहरा बदलतो का ते तिथेच उभी राहून बघते. बदलला तरी नजर मी खाली घालत नाही. इथेही कधी कधी खांद्यावरून हात वर येतो आणि चुटकी वाजते. मी ब्रेक लावते. माणूस कितीही मोठा असो, माझ्याशी तोंडाने बोलल्याशिवाय माझी खुर्ची हलत नाही.