वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

डॉ. मालती पेठकर यांची आणि माझी पहिली भेट विभागाच्या दारातच झाली. उरणजवळच्या आगरी घरातून मी पुण्याला बी.ए. करायला आले होते आणि मानववंशशास्त्र म्हणजे कवट्या मोजायचं शास्त्र, अशी माझी ठाम समजूत होती. बाईंना मी तसं विचारलंही. बाई हसल्या नाहीत. "कवट्याही आहेत. पण आधी जिवंत माणसांशी बोलता येतं का ते बघू," असं म्हणून त्यांनी मला आत नेऊन बसवलं.

बाईंच्या तासाला उशिरा येणारा दारातूनच माघारी फिरे. पण होस्टेलच्या दुधीला मी विटले आहे हे कळल्यावर याच बाईंनी शेजारणीकडून सुक्या जवळ्याची चटणी करवून आणली. स्वतः शुद्ध शाकाहारी! सगळा विभाग घमघमला. नाकं मुरडणाऱ्यांना बाई म्हणाल्या, "हेही क्षेत्रकार्यच समजा."

त्यांचा एक नियम मात्र कधी वाकला नाही. गावात जाऊन जे लिहिलं, ते त्याच गावकऱ्यांना वाचून दाखवायचं, ते वगळा म्हणतील ते वगळायचं. त्याशिवाय प्रकल्पावर बाईंची सही नाही. हा लेखही मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी कौतुकाचा मोठा भाग कापला. उरलं आहे ते वाचकांनी गोड मानून घ्यावं.

शेवटच्या वर्षी मी आमच्याच गावातल्या धवलारिणींवर, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणाऱ्या बायकांवर प्रकल्प केला. माझी आत्या त्यातली जाणती. वडील कंटेनर गाड्यांच्या धंद्यात. पोरीने परीक्षेचा नाद सोडून न्हावा शेवाच्या आपल्या ऑफिसात बसावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडाला शिकवतान तुला?" असं म्हणत, धवलारिणींपुढचं माझं वाचन बंद पाडायलाच ते अंगणात येऊन बसले. बाई या वाचनासाठी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या.

एका गाण्यापाशी आत्याने हात वर केला. "यो गाना मांडवातला हाय. कागदावर न्हाय यायचा."

ते माझं सर्वांत सुंदर पान होतं. मी रडवेली होऊन बाईंकडे पाहिलं.

"काढ," बाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी आत्याला हात जोडले.

वडील आईला म्हणाले, "एवढी शिकलेली बाय, पन माझे बहिनीनं न्हाय म्हटल्यावर थांबली. जाऊंदे पोरीला तिचे हाताखाली."

पुढे परीक्षक म्हणालेच, की प्रकल्पाचा गाभाच गायब आहे. बाई माझ्यासाठी त्यांच्याशी कडकडून भांडल्या, पण ते पान काही परत घालू दिलं नाही. गुण थोडे कमी पडले, पदवी मिळाली. आज मी हाच विषय शिकवते आणि सहीचा तोच नियम चालवते. विद्यार्थी आमच्यासारखेच कुरकुरतात.

बाईंची साठी आली, हे त्यांच्या चालण्याच्या वेगावरून कुणाला पटणार नाही. त्यांना दीर्घ, निरामय आयुष्य लाभो, असं मी रीतसर लिहिणार होते. पण माझ्या रांगत्या लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या वडिलांनी मला थांबवलं. "बाईंना म्हनावं, खूप वर्सां जगा न् धडधाकट ऱ्हावा. आमचे नातीला पन तुमच्याच हाताखाली धाडाची हाय."