रेहानाची नळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

जुन्नरच्या कचरा डेपोत कागद, चिंध्या, उसाची चिपाडं कुजवणारे जिवाणू असतात. त्यांतला एक वेगळा काढून त्याच्या जनुकांचा संपूर्ण क्रम वाचून घ्यायचा, हे आमचं संशोधन. मी लोणीची, रेहाना जुन्नरची. पुण्याच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करायचो. माती दोघींनी एकाच खड्ड्यातून आणली. त्यातले जिवाणू आपापल्या काचेच्या नळीत वाढवले, कागद कुजतो का ते पाहायला आत एकेक पट्टी सोडली. तिच्या नळीतली कागदाची पट्टी आठवड्याभरात विरली — माझी तशीच, धडधाकट. सरांनी तिचा जिवाणू निवडला. त्या काळी हे वाचन इतकं महाग, की संधी एकदाच मिळायची.

मला मत्सर वाटला का? तेव्हा मी त्याला कुतूहल म्हटलं असतं.

ईदला ती घरी गेली आणि मी तिची नळी उघडली. तिच्यातलं थेंबभर आपल्याकडे घ्यावं, एवढंच — हो, चोरीच. नमुना उचलायची तार प्रत्येक वेळी ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, म्हणजे आधीचे जिवाणू मरतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. माझे कान दाराकडे होते. थेंब सोडून माझ्या नळीतून काढलेली तार मी न तापवता तशीच पुन्हा तिच्या नळीत बुडवली.

ती परतली ती माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन. मी तो खाल्ला. तिनं त्याच नळीतला नमुना वाचनासाठी पाठवला, तेव्हाही गप्प राहिले.

अहवाल आला — दोन जिवाणूंची सरमिसळ, नमुना बाद. सणाच्या ओढीनं काम उरकलं की असंच होतं, असं सर सर्वांसमोर म्हणाले. रेहानानं मला बाजूला घेतलं.

"तू इथंच होतीस ना गं? कुणी हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणाले. विचार करायलाही थांबले नाही.

तिची शिष्यवृत्ती थांबली. तिच्या जागी सरांनी मला घेतलं. पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं आहे.

नंतर एकदा जुन्नरच्या बाजारात तिच्या वडिलांनी मला आपल्या बांगड्यांच्या दुकानात बोलावलं. चहा मागवला.

"पोरी, तू तर तिच्या संगं व्हतीस. नेमकं काय चुकलं तिचं? ती काय बोलतच न्हाई."

मी समजावून सांगितलं — अगदी शास्त्रशुद्ध. तार नीट तापवली नाही, तर काय होतं ते.

"म्हंजी तिचीच चूक?"

दुकानामागच्या पडद्याखाली रेहानाची पावलं मला दिसत होती. मी "हो" म्हणाले.