बसमधली शिस्त

शारजाच्या आइस हॉकी टीममध्ये लियाकतचं काम एकच होतं, समोरच्या दांडग्या खेळाडूला आडवं करणं. गुडघे गेले तसा खेळ सुटला. क्लबवाले मॉलच्या सिक्युरिटीत लावून देत होते, पण तो बायकोला म्हणाला, “रशीदा, लोकांना दम देणं आता खलास.” अन् शाळेच्या बसवर अटेंडंट झाला.

पहिल्याच दिवशी पोरांचा कालवा ऐकून तो खेळातल्या आवाजात गरजला, “डोन्ट मूव्ह!” बस चिडीचूप झाली आणि गडी खूश झाला.

शेवटच्या स्टॉपनंतर मागच्या सीटवर चिमुरडी माहनूर तशीच बसलेली दिसली. तिचं घर केव्हाच मागे गेलं होतं.

“बेटा, उतरली का नाहीस?”

“यू सेड डोन्ट मूव्ह.”

लियाकतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा बेल्ट सोडवायला त्यानं हात पुढे केला, तर पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले.